उचल घेतली की हंगाम त्याचा

लातूरच्या एका ताईंचं पत्र आलंय. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. थोडक्यात असं:

सासूबाईंनी १९९३ च्या भूकंपानंतर गाव सोडून लातूरला बिऱ्हाड केलं आणि घरातूनच येसर (आमटीला लावायचा भाजक्या धान्य-डाळींचा मसाला), काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी विकायला सुरुवात केली. आज घरची तीन आणि फ्रँचायझीची आठ अशी अकरा दुकानं आहेत, नांदेड-परभणीपासून पुण्यापर्यंत. कारभार या ताई आणि त्यांचे पती बघतात. आता परदेशात जायचं घाटतंय. पहिला प्रस्ताव दुबईच्या एका व्यापाऱ्याचा, जे पुण्याच्या प्रदर्शनात भेटले. त्यांना आखातातल्या सहाही देशांचे हक्क दहा वर्षांसाठी हवेत. बदल्यात ४५ लाख रुपये आगाऊ देतात आणि पाच वर्षांत २५ दुकानं काढू म्हणतात. स्टॉलवर त्यांना सगळ्यात आवडला तो सासूबाईंचा खसखस-दगडफूल घातलेला काळा मसाला. “हाच आपला हुकमी एक्का,” असं त्यांचं म्हणणं.

दुसरा प्रस्ताव घरातलाच. धाकटे दीर न्यू जर्सीला आयटीत आहेत, एच-वन-बी व्हिसावर, ग्रीन कार्डच्या रांगेत. एडिसनला दुकान काढतो, नोकरी सांभाळून शनिवार-रविवार स्वतः गल्ल्यावर बसतो, फी वगैरे नको, नफा निम्मा-निम्मा. सासूबाईंचा कल तिकडे, “घरातलं घरात राहील” म्हणून. पतींचं मत रोज बदलतं. ताई लिहितात, “मी काही बोलले की ते सून बोलली असं होतं. विश्वास बघावा की पैसा, एवढंच सांगा.”

आणि तळाशी ताजा कलम: “शारजात नांदेडचं एक जोडपं छोटं किराणा दुकान चालवतं. तीन वर्षं झाली, दर दोन महिन्यांनी येसर आणि चटण्या मागवतात, पैसे आधी पाठवतात. काळा मसाला मात्र कधीच मागवत नाहीत. तिकडे खपत नसेल.”

ताई,

तुमचा ताजा कलम मी तीनदा वाचला. त्याच्याकडे वळण्याआधी खसखशीचं बोलू.

संयुक्त अरब अमिरातीत, म्हणजे दुबई आणि शारजा ज्यात येतात त्या देशात, खसखस बेकायदा आहे. अफूच्या बोंडातलं बी म्हणून तिच्यावर बंदी आहे. आईनं प्रेमानं बांधून दिलेली पुडी सामानात निघाली म्हणून विमानतळावर अडकलेली माणसं आहेत. सौदीतही तीच गत. म्हणजे दुबईचे व्यापारी ज्याला हुकमी एक्का म्हणतात, तो मसाला आहे तसा त्यांच्या बंदरात उतरूच शकत नाही. शारजाचं जोडपं तो का मागवत नाही, याचं उत्तर मला वाटतं इथं आहे. खपण्याचा प्रश्नच येत नसेल. दुकान चालवणाऱ्याला हे पहिल्या आठवड्यात कळतं.

यावरून ते व्यापारी लबाड ठरत नाहीत. कदाचित त्यांचा मूळ धंदा कपड्याचा किंवा बांधकामाच्या मालाचा असेल आणि खाद्यपदार्थांचं बघायला वेगळा माणूस ठेवतील. पण सहा देश दहा वर्षांसाठी मागणाऱ्यानं “यात काय काय घालता?” हा एक प्रश्न विचारला नाही, याची नोंद करून ठेवा. भागीदार पारखताना लोक त्याच्या गाडीकडे, ऑफिसकडे, बँकेतल्या शिल्लकेकडे बघतात. मी त्यानं विचारलेल्या प्रश्नांकडे बघते. टिकवण किती महिन्यांची, तेल सुटतं का, येसरात गहू आहे ते पाकिटावर लिहिलंय का, उन्हाळ्यात गोदामात मसाल्याचा रंग उतरतो का. असे कंटाळवाणे प्रश्न विचारणारा माणूस पुढे माल विकतो.

आता ४५ लाखांकडे येऊ. तुम्ही लिहिलंय, “एवढे पैसे आधी देतोय म्हणजे मनापासून असणार.” इथं जरा थांबा. हिशोब असा आहे: दहा वर्षांनी भागा, वर्षाला साडेचार लाख. सहा देशांनी भागा, एका देशाचे वर्षाला ७५ हजार. महिन्याला सव्वासहा हजार रुपये. तुमच्या लातूरच्या बाजारपेठेत, गंजगोलाईच्या सोळा रस्त्यांपैकी कुठल्या रस्त्यावर या भाड्यात तुम्हाला बरा गाळा मिळतो ते सांगा. आणि इथं तर अख्ख्या सौदी अरेबियाचं भाडं लागतंय.

बीड-धाराशिवकडून कारखान्यावर निघालेल्या ऊसतोडीच्या टोळ्या तुम्ही दर दिवाळीच्या आसपास बघता. मुकादमाची उचल हातात पडते तेव्हा ती मोठीच वाटते. लग्न निघतं, दवाखाना भागतो. मग कोयता त्याच्या सांगण्यानं चालतो, आणि उचल फिटली नाही तर पुढचा हंगामही त्याचाच. त्या माणसांच्या हालांशी तुमची तुलना करत नाहीये, तेवढी मी बेअक्कल नाही. पण व्यवहाराची रीत ओळखीची आहे. ४५ लाख तुम्ही कारखान्यात, नवीन चक्कीत, पॅकिंग मशीनमध्ये घालाल. दीड वर्षानं दुबईत दोन दुकानं निघालेली असतील, कतार-कुवेत कोरडे, आणि मस्कतहून दुसरा कुणी चांगला माणूस आला तरी त्याला तुम्हाला नाही म्हणावं लागेल. २५ दुकानं “काढू” हे तोंडी आहे की कागदावर? नाही काढली तर काय, हे कुठं लिहिलंय? पत्रात नाही, म्हणून विचारते.

आणि कायदा. अमिरातीत १९८१ च्या कायद्यानं नोंदणी झालेल्या व्यापारी एजंटाला काढणं जवळपास अशक्य होतं. कराराची मुदत संपली तरी सबळ कारण दाखवावं लागे आणि नोंदणी त्याच्या नावावर असेपर्यंत दुसऱ्या कुणाकडून माल उतरवता येत नसे. २०२३ च्या जूनपासून नवा कायदा लागू झाला. त्यानं मुदत संपल्यावर बाहेर पडायची वाट बरीच मोकळी केली, पण नोटीस आणि भरपाईची भानगड आहेच. म्हणून करारात दोन गोष्टी डोळ्यांत तेल घालून बघा: हा माणूस स्वतःला तिथल्या सरकारदरबारी तुमचा एजंट म्हणून नोंदवणार आहे का, आणि वाद झाला तर तो कुठं सोडवायचा. भारतातल्या बऱ्याच कंपन्या सिंगापूरचा लवाद लिहितात. खर्चिक आहे, पण दोघांनाही परका आहे, हे बरं. सौदीचा वेगळा फ्रँचायझी कायदा २०२० पासून लागू आहे. त्यात तुमचा धंदा फ्रँचायझी पद्धतीनं किमान एक वर्ष, किमान दोन ठिकाणी चाललेला असावा लागतो आणि सही किंवा पैशांच्या किमान १४ दिवस आधी माहितीपत्र द्यावं लागतं. तुमची आठ दुकानं आहेत, तेवढं बसतं. सहा देश म्हणजे असे सहा कायदे. “गल्फ” नावाचा एकच देश नाही, हे आपण इथं बसून विसरतो.

आता दीर. इथं हळू बोलते, कारण घरचं आहे.

तुम्ही विश्वास एका पारड्यात घातलाय आणि पैसा दुसऱ्यात. दिरांवर विश्वास आहे, छान. पण कशाबद्दल? ते पैसे खाणार नाहीत याबद्दल असेल. आठवड्याचे पाच दिवस नोकरी करून, मुलांच्या शाळा सांभाळून, फेब्रुवारीतल्या बर्फात शनिवारी सकाळी शटर उघडतील याबद्दल आहे का? हे दोन वेगळे विश्वास आहेत. तुमच्या परभणीच्या दुकानदाराचा किस्सा तुम्हीच लिहिलाय: तुमच्या नावाच्या पाकिटात दुसरा मसाला भरत होता, एका गिऱ्हाइकानं फोन केला, तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं गेलात आणि स्वतः उभं राहून बोर्ड उतरवून घेतलात. एडिसनला एसटी जात नाही. आणि समजा गेलात, तर सख्ख्या दिराच्या दुकानाचा बोर्ड उतरवाल? सासूबाईंच्या देखत?

त्याहून आधीची एक अडचण आहे. एच-वन-बी व्हिसा ज्या कंपनीसाठी मिळतो त्या कंपनीचंच काम करता येतं. दुसऱ्या धंद्यात पैसे गुंतवून गप्प बसता येतं, पण स्वतः गल्ल्यावर बसणं, माल लावणं, दुकान चालवणं हे परवानगीशिवाय काम ठरू शकतं. ग्रीन कार्डच्या रांगेत इतकी वर्षं काढलेल्या माणसानं शनिवार-रविवारच्या दुकानापायी ती रांग धोक्यात घालावी का? हे त्यांनी तिथल्या इमिग्रेशन वकिलाला विचारावं, फार तर एका तासाची फी जाईल. आणि ताई, घरात हा विषय काढायला तुम्हाला ही जागा आहे. “भाऊजींना दुकान देऊ नका” असं सून बोलली तर काय होतं ते तुम्ही जाणता. “भाऊजींच्या व्हिसाला धक्का लागेल” हे सून बोलली तर सासूबाईच उठून फोन लावतील. ही युक्ती नाही बरं का, खरी काळजी आहे. म्हणून तर ती बोलून दाखवायची.

अमेरिकेत फ्रँचायझी विकायची तर तिथल्या केंद्रीय नियमानं २३ मुद्द्यांचं माहितीपत्र सही-पैशांच्या १४ दिवस आधी द्यावं लागतं. समोर भाऊ आहे म्हणून त्यातून सुटका होत नाही. न्यू जर्सीचा स्वतःचाही कायदा आहे, तो सबळ कारणाशिवाय फ्रँचायझी काढून घेऊ देत नाही. शिवाय तुमच्या लातूरच्या कारखान्याची तिथल्या अन्न-औषध प्रशासनाकडे नोंदणी लागेल, दर सम वर्षी नवीकरण. आणि माल आयात करणाऱ्यावर तो सुरक्षित असल्याची जबाबदारी येते, म्हणजे तीही दिरांवर. पाकिटावर ॲलर्जीचे नऊ पदार्थ लिहावे लागतात. २०२३ पासून त्यात तीळ आला. तुमच्या येसरात गहू आणि तीळ, चटणीत शेंगदाणा. जवळजवळ सगळं दुकानच त्या यादीत आहे.

आणि तो “निम्मा-निम्मा”. नफा निम्मा, समजलं. तोटा कसा वाटायचा? एडिसनच्या ओक ट्री रोडवरच्या गाळ्याचा भाडेकरार कुणाच्या सहीनं? हे दिवाळीत फराळाला बसून ठरवायचे प्रश्न नव्हेत. सीए समोर बसवा, बाहेरचा माणूस असला की आवाज आपोआप खाली येतो. दिरांना या धंद्यात घ्यायचंच असेल तर एडिसनच्या दुकानाऐवजी इथल्या कंपनीत थोडा हिस्सा रीतसर द्या, वकिलाला विचारून. सासूबाईंनाही तेच हवंय, मला वाटतं. त्यांना दुकान द्यायचं नाहीये, धाकट्याला बाहेर ठेवल्यासारखं वाटू नये एवढंच.

यातूनच एक प्रश्न निघतो, जो तुम्ही विचारलेला नाही: तुमच्या दुकानाचं नाव कुणाच्या नावावर आहे?

माझंच सांगते. औरंगाबादला आमचा हिमरू शालींचा छोटा धंदा होता. बाहेरच्या देशातला एक व्यापारी चार वर्षं माल नेत होता. वागायला उत्तम, ईदेला न चुकता खजुराचा डबा पाठवायचा. पाचव्या वर्षी आम्ही त्याच देशातल्या दुसऱ्या शहरात माल पाठवला आणि तो कस्टममध्ये अडकला. आमच्या नावाचा ट्रेडमार्क त्यानं पहिल्याच वर्षी स्वतःच्या नावावर करून ठेवला होता. आम्ही आमचंच नाव विकत घेतलं. आकडा सांगत नाही, आमच्या ह्यांना अजून राग येतो.

तेव्हा भागीदार कुणीही असो, सहीच्या आधी अर्ज तुमचा गेलेला हवा. भारतातली नोंदणी मसाल्यांसाठी ३० व्या वर्गात आणि दुकानांसाठी ३५ व्या वर्गात आहे ना, ते तपासा. त्या आधारावर माद्रिद करारातून भारतीय कार्यालयामार्फत एकाच अर्जात बाहेरचे देश मागता येतात. भारत त्यात २०१३ पासून आहे, अमिराती २०२१ च्या अखेरीला आली. जे देश त्यात नसतील तिथं वेगळा अर्ज. पहिली पाच वर्षं बाहेरची नोंदणी इथल्या नोंदणीवर टेकलेली असते, इथं ती पडली तर तिथंही पडते. आणि नाव जर सासूबाईंच्या वैयक्तिक नावावर असेल तर उद्या ते वारसाहक्कानं दोन्ही मुलांकडे जाईल. आत्ता सगळे गोडीत आहेत, आत्ताच ते कंपनीच्या नावावर करून घ्या.

आता शारजा. तीन वर्षं, दर दोन महिन्यांनी, पैसे आधी. पत्रातल्या तिघांपैकी तुमचा माल प्रत्यक्ष विकून दाखवलाय तो याच लोकांनी. कुठली चटणी उन्हाळ्यात पडून राहते, येसराला गिऱ्हाईक मराठवाड्याचंच येतं की सोलापूर-कर्नाटकचंही, हे सगळं त्यांना माहीत आहे. लगेच त्यांना फ्रँचायझी द्या असं म्हणत नाही. त्यांच्याकडे भांडवल नसेल, इच्छा नसेल, किराण्यातच सुख असेल. पण फोन तर करा. तीन वर्षांत तुम्ही त्यांच्याशी ऑर्डरपलीकडे बोलला नाहीत असं पत्रावरून वाटतं. शुक्रवारी करू नका, शारजात सरकारी कचेऱ्यांना शुक्रवार ते रविवार सुट्टी असते आणि किराण्यात तेव्हाच गर्दी. मंगळवारी दुपारी करा.

त्यांना जमणार असेल तर सुरुवात बटईच्या हिशोबानं करा. आपण शेत बटईनं देतो ते एका सालाच्या बोलीवर, सातबारा हातात ठेवून. एक शहर, दोन वर्षं, आधी नुसता माल पुरवण्याचा करार आणि दुकानातला एक कोपरा तुमच्या नावाचा. खप झाला तर पूर्ण दुकान, मग शेजारचं शहर. ठरलेला माल उचलला नाही तर त्या शहराचा एकहाती हक्क आपोआप सुटेल, हे लिहून ठेवा. निरोपाची कलमंही आधीच लिहा: उरलेला माल कुठल्या भावानं परत, बोर्ड किती दिवसांत खाली, गिऱ्हाइकांची यादी कुणाची.

दुबईच्या व्यापाऱ्यांना लगेच नाही म्हणू नका. हीच बोली त्यांच्यापुढे ठेवा: सहा देशांऐवजी एक शहर, ४५ लाखांऐवजी बरेच कमी, पुढची शहरं दुकानं निघतील तशी. ज्याला खरोखर विकायचंय तो घासाघीस करेल पण बसेल. ज्याला फक्त हक्क अडकवून ठेवायचेत तो दोन फोननंतर दिसणार नाही. बसलेच, तर तिकडे जा. नवऱ्याबरोबर तुम्हीही जा, तिखट-मिठाची नजर तुमची आहे. त्यांच्या परवान्यावर खाद्यपदार्थांचा व्यापार लिहिलाय का बघा. ऑफिस सोडा, गोदाम दाखवा म्हणा, आणि शक्यतो जुलैत. त्यांनी आधी सांभाळलेल्या दोन ब्रँडवाल्यांशी बोला, त्यातला एक त्यांना सोडून गेलेला हवा. दुकान रोज कोण उघडणार, त्या माणसाला भेटा. उधारीवर माल द्यायची वेळ आली तर ईसीजीसीचा विमा घ्या, ही निर्यातदारांच्या बुडीत पैशांसाठीचीच सरकारी कंपनी आहे.

हेच इतर वाचकांनाही लागू आहे. पैठणीवाल्या दोघींची, जालन्याच्या एका बियाणेवाल्यांची अशीच पत्रं पडून आहेत. माल बदलतो, कायदे बदलतात, पण नाव आधी आपलं करून ठेवणं आणि मुलूख तुकड्यानं देणं बदलत नाही.

तुमच्याकडचं एक काम मात्र कुणाही भागीदाराच्या आधीचं आहे. २०२४ च्या एप्रिलमध्ये हाँगकाँगनं दोन मोठ्या भारतीय मसाला कंपन्यांच्या काही मसाल्यांची विक्री थांबवली, सिंगापूरनंही पाठोपाठ एक मसाला परत मागवला. कारण इथिलीन ऑक्साइड, मसाल्यातले जंतू मारायला वापरतात ते रसायन. तुम्ही ते वापरत नसाल, पण मिरची आणि धने तुम्ही आडतीतून घेता, घरच्या शेतातून नाही. प्रत्येक घाण्याचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून अहवाल फाईलला लावायची सवय आजपासून लावा. शेंगदाण्याच्या चटणीत बुरशीचं अफ्लाटॉक्सिनही बघायला सांगा. स्पाइसेस बोर्डाची निर्यातदार नोंदणी आणि आयात-निर्यात कोड काढून ठेवा, त्याला फार दिवस लागत नाहीत.

आणि सासूबाईंना खसखस न घालता काळा मसाला करायला सांगा. नाही म्हणतील, “मग तो काळा मसालाच नव्हे” असंही म्हणतील. पाव किलोच करा आधी. त्याच आठवड्यात खसखशीचाही ताजा करा, दोन वाट्या शेजारी ठेवा आणि कुठली कशाची ते न सांगता त्यांच्याच हातानं चाखायला द्या.